वर्षाच्या अल्बमांचा ताळेबंद

इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. सकाळी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एसटी धरायची, संध्याकाळी परत यायचं. जाताना एक अल्बम, येताना एक. तावडे हॉटेल येईस्तोवर पहिली दोन गाणी होतात आणि अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असला तर शेवटच्या गाण्याला इचलकरंजी दिसायला लागते.

सात वर्षं झाली, दर डिसेंबरात मी वर्षातल्या आवडत्या दहा अल्बमांची क्रमानं यादी करतो. पहिल्या दोन वर्षांच्या याद्या आज वाचल्या की हसू येतं. डिसेंबरात बसून वर्ष आठवायला गेलं की नोव्हेंबर डोंगराएवढा दिसतो आणि फेब्रुवारी कुठं दिसतच नाही, तसलं काम झालं होतं. मग पोटापाण्याचीच पद्धत गाण्याला लावली: रोजची कीर्द (नोंदी), महिन्याची खतावणी (त्या नोंदींचा गोषवारा), वर्षाचा ताळेबंद. ती इथं मांडतो. ज्यांच्याकडे वही नाही आणि डिसेंबर तर दारात आलाय, त्यांनी वहीचा भाग पुढच्या वर्षासाठी ठेवावा आणि थेट कच्च्या यादीवर यावं.

आधी वर्ष ठरवा, मग अल्बम कशाला म्हणायचं ते

वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, यात काय ठरवायचं, असं वाटेल. पण २०१३ साली अमेरिकन गायिका बियॉन्सेनं १३ डिसेंबरला कसलीही आगाऊ जाहिरात न करता अख्खा अल्बम बाहेर काढला, तेव्हा परदेशातल्या बऱ्याच मासिकांच्या वर्षाच्या याद्या छापूनही झाल्या होत्या. ग्रॅमीवाल्यांचं वर्षही कॅलेंडरवर चालत नाही. २०२४ च्या पुरस्कारांसाठी १ ऑक्टोबर २०२२ ते १५ सप्टेंबर २०२३ एवढ्या काळातलं संगीत धरलं होतं. माझ्यासारख्याच याद्या काढणाऱ्या मित्रांतला एक गडी दिवाळी ते दिवाळी वर्ष धरतो, दिवाळी अंकांच्या सोबतीनं यादी काढतो, आणि त्याचं अजिबात अडत नाही. माझं वर्ष १६ डिसेंबरला सुरू होऊन पुढच्या १५ डिसेंबरला संपतं. शेवटच्या पंधरवड्यात आलेल्या अल्बमला घाईनं बघायला लागू नये एवढाच त्यामागे विचार. तुम्ही कुठलीही तारीख धरा, पण ती जानेवारीतच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डिसेंबरात ठरवायला बसलात तर आवडत्या अल्बमाच्या सोयीनं तारीख सरकते. हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

तारीख प्रकाशनाची धरायची, आपण कधी ऐकलं त्याची नाही. एखादा अल्बम चार वर्षांपूर्वी आलेला आणि आपल्याला यंदा सापडला, तर त्याला वहीत वेगळं पान. माझ्या वहीत त्या पानाचं नाव ‘जुनी वसुली’ आहे. काही वर्षी खरी मजा त्याच पानावर असते.

आता अल्बम कशाला म्हणायचं. हा शब्द मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातला. फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुस्तकात त्या तबकड्या खोचून विकायचे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि आपल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिकांनी तेवढ्यात राग बसवून दाखवला. १९४८ मध्ये कोलंबियानं ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, आणि अल्बम म्हणजे चाळीस मिनिटं ही सवय तिथून लागली. आज तबकडी नसतानाही ती सवय टिकून आहे.

मी जो नियम वापरतो तो ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचा आहे: किमान पाच वेगळे ट्रॅक आणि एकूण पंधरा मिनिटं, नाहीतर ट्रॅक कितीही असोत, एकूण तीस मिनिटं. आपल्याकडच्यांना हा दुसरा भाग फार उपयोगी आहे. एक विलंबित आणि एक द्रुत, असा दोनच ट्रॅकचा पंचावन्न मिनिटांचा ख्यालाचा अल्बम त्यात आरामात बसतो. मराठी सिनेमाच्या गाण्यांचा प्रश्न अवघड. चारच गाणी असतात, तीही महिनाभरात एकेक करून सोडलेली. मी नियमात बसली तर घेतो, नाहीतर गाण्यांच्या यादीत टाकतो. लाइव्ह अल्बम चालतो. जुन्याच अल्बमची नवी आवृत्ती चालत नाही. डिलक्स म्हणून मागनं सात गाणी चिकटवली असतील तर मूळ अल्बमपुरतंच बघायचं. यावर वाद घालणारे भेटतील, घालू द्या.

कीर्द

दहा रुपयांची वही पुरते. फोनमधल्या नोंदीही चालतील, पण बसमध्ये फोनवर लिहायला घेतलं की पुढच्या मिनिटाला मी दुसरंच काहीतरी बघत असतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, म्हणून शुक्रवारी रात्री पाच मिनिटं काढून पुढच्या आठवड्यात काय ऐकायचं ते लिहून ठेवतो.

नोंदीत चार गोष्टी पाहिजेत: तारीख, कितव्यांदा ऐकतोय, कुठं ऐकलं, आणि कानाला नेमकं काय लागलं त्याचं एक वाक्य. मार्क द्यायचे नाहीत. विशेषणं तर मुळीच नाहीत. वहीच्या पहिल्या वर्षी मी अकरा अल्बमांपुढं ‘लई भारी’ लिहून ठेवलं होतं. डिसेंबरात त्या अकरांतलं एकही दुसऱ्यापासून वेगळं काढता येईना. आता नोंद अशी असते:

*१४ मार्च. दुसऱ्यांदा. जाताना. चौथ्या गाण्यात बाकी सगळं थांबून बासरी एकटी उरते, तिथं अंगावर काटा. सहावं गाळलं.*

*२ एप्रिल. तिसऱ्यांदा. येताना, उभं राहून. सहावं आज गाळलं नाही. शेवटचं उगाच लांबवलंय.*

*१९ जून. पाचव्यांदा. घरी, रात्री. बासरी येणार हे माहीत असूनही वाट बघितली.*

तिसरी नोंद बघा. पाचव्या वेळीही कान त्या जागेची वाट बघतोय, म्हणजे हा अल्बम वर्षाअखेर कुठं बसणार ते जूनमध्येच निम्मं कळलं. आणि ‘गाळलं’ हा शब्द अवश्य लिहा. आपण काय आवडलं ते खोटं सांगू शकतो, काय गाळलं ते सहसा खरं असतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी खतावणी. दहा मिनिटांचं काम. अल्बमचं नाव, आतापर्यंत किती वेळा ऐकला, आणि पुढं एक खूण: ‘राहिला’ किंवा ‘गेला’. गेलेला परत आणता येतो, फक्त कारण लिहायचं.

डिसेंबर: कच्ची यादी

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी महिन्यांची बारा नावं कागदावर उभी लिहा आणि प्रत्येकापुढं त्या महिन्यात आलेलं, ऐकलेलं, आठवेल ते सगळं टाका. वही असेल तर तासाभरात होतं. नसेल तर फोनमध्ये साठवलेले अल्बम बघा, ऐकल्याचा इतिहास बघा, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मित्रांना पाठवलेले मेसेज बघा. चॅटमध्ये ‘ऐक’ हा शब्द शोधा. ‘भावा, हे ऐक’ म्हणून रात्री अकराला पाठवलेल्या लिंका ही वर्षभराची सगळ्यात प्रामाणिक कीर्द असते. जानेवारी ते मार्चच्या ओळी रिकाम्या दिसल्या तर ते महिने वाईट होते असं समजू नका, पुन्हा शोधा.

ॲप स्वतःहून वर्षाची यादी काढून देतं, तीच का नको? तिचा उपयोग आठवण करून द्यायला आहे, क्रम लावायला नाही. त्यात गोम अशी की स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. आता हिशेब करा. बारा गाण्यांचा अल्बम तुम्ही पाच वेळा पूर्ण ऐकला: साठ. दोन ट्रॅकचा ख्याल पंधरा वेळा पूर्ण ऐकला: तीस. तिप्पट वेळा ऐकलेला अल्बम आकड्यात निम्मा दिसतो. म्हणून आकडा वापरायचाच तर त्याला ट्रॅकच्या संख्येनं भागा. आणि फोन कुणाच्या हातात होता तेही आठवा. दोन वर्षांपूर्वी माझा पहिला नंबर होता पावसाच्या आवाजाचा, कारण आईला झोप लागावी म्हणून तो रात्रभर चालू असायचा.

कच्ची यादी माझी चाळीसच्या आसपास भरते. तिचे तीन ढीग करायचे. नाव वाचताच एखादी जागा कानात वाजली तर पहिला. नाव ओळखीचं आहे पण काहीच वाजत नाही, तर दुसरा. तीनदासुद्धा ऐकून झालेला नाही, तो तिसरा. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येकाला एक शेवटची संधी द्या. तिसऱ्यातले जमले तर ऐका, नाहीतर सरळ बाजूला ठेवा. एकदाच ऐकलेल्या अल्बमला नंबर देणं म्हणजे मुंडावळ्या बांधायच्या वेळेला स्थळ बघणं.

पुन्हा ऐकताना

पहिल्या ढिगात वीस-बावीस राहतात. ते दोन आठवड्यांत पुन्हा ऐकायचे, दिवसाला दोनच. जुने आधी, जानेवारीपासून. शफल बंद. अल्बम करणाऱ्यानं क्रम लावताना डोकं चालवलेलं असतं, निदान एवढा मान ठेवा.

ॲपमध्ये आवाजाची पातळी समान ठेवणारी सेटिंग असते, ती चालू करा. स्पॉटिफायवर ती आवाजाच्या सेटिंगमध्ये आहे, ॲपलवर तिला साउंड चेक म्हणतात. कानाचा एक दोष असा की तेच गाणं थोडं मोठ्यानं वाजलं तरी जास्त चांगलं वाटतं, आणि काही अल्बम मुळातच जास्त ठणाणा करत रेकॉर्ड केलेले असतात. ही सेटिंग बंद ठेवून तुलना केली तर मोठा आवाज जिंकतो, संगीत नाही. इअरफोनही सगळ्यांना एकच. अर्धे अल्बम चांगल्या हेडफोनवर आणि अर्धे गाडीतल्या स्पीकरवर ऐकून तुलना होत नाही.

रागसंगीताचं एक पथ्य वेगळं. सकाळच्या रागाचा अल्बम संध्याकाळच्या गर्दीत, पिशव्या सांभाळत ऐकायचा आणि मग ‘रंगला नाही’ म्हणून खाली ढकलायचा, हा अन्याय मी एकदा केलाय. वेळ पाळून, शक्यतो घरी, सुट्टीच्या दिवशी ऐका. लांब आलापीला एसटीचं इंजिन फार मारक.

नंबर लावणं

हे खरं काम. पहिल्या वर्षी मी दहापैकी मार्क दिले. तेवीस अल्बमांपैकी चौदांना आठ पडले. मग साडेआठ, पावणेनऊ असं सुरू झालं, आणि रात्री एकला मी ८.२५ आणि ८.३ यांतला फरक शोधत बसलो होतो. तो फरक नसतोच. सुट्या अल्बमला मार्क देता येत नाहीत, दोन समोर ठेवले की कुठला जास्त आवडतो ते मात्र झटक्यात कळतं. कोल्हापुरात हे समजावायची गरज पडू नये. पैलवान कितवा आहे ते वजनकाट्यावर ठरत नाही, जोड लावावी लागते.

सगळ्यांची सगळ्यांशी जोड लावायची तर बारा अल्बमांच्या ६६ कुस्त्या होतात. इतका वेळ कुणाला आहे. त्याऐवजी रांग वाढवत न्यायची. दोन अल्बम घ्या, वर-खाली लावा. तिसरा आला की त्याची जागा शोधा. समजा आठ जणांची रांग लागलीय आणि नववा आला. त्याला वरून सुरुवात करायला लावू नका, थेट मधल्याशी, चौथ्याशी भिडवा. जिंकला तर दुसऱ्याशी. तिथं हरला तर तिसऱ्याशी. संपलं, जागा सापडली. अशानं बारा अल्बम जास्तीत जास्त ३३ प्रश्नांत लागतात, म्हणजे बरोबर निम्मं काम. प्रत्येक अल्बमचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सतरंजीवर मांडलं की हात आपोआप चालतो.

प्रश्न कुठला विचारायचा ते महत्त्वाचं. ‘यातला श्रेष्ठ कुठला’ असं विचारलं की आपण परीक्षक होतो आणि जो आवडायला पाहिजे तो वर टाकतो. मी विचारतो: आत्ता चहा ठेवलाय, वीस मिनिटं मोकळी आहेत, या दोघांतला कुठला लावशील? गेल्या वर्षी एका बाजूला सगळ्यांनी नावाजलेला, फार मेहनतीनं केलेला एक तासाचा अल्बम होता. दुसऱ्या बाजूला एका नवख्या मुलीचा आठ गाण्यांचा, घरातच रेकॉर्ड केलेला, ज्यात एका गाण्यामागं कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येते. मनात पहिल्याचं नाव घोळत होतं, हात दुसऱ्याच्या चिठ्ठीवर गेला. वहीत बघितलं तर मोठ्या अल्बमपुढं चारपैकी तीन नोंदींत ‘शेवटची दोन गाळली’. कुकरवाला तिसरा आला, मोठा सातवा.

बाद पद्धतीनं, म्हणजे नॉकआउटनं, क्रम लावू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्याला माहीत आहे, दोन तगडे संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर आले की एक जण घरी जातो आणि सोप्या बाजूनं आलेला उपांत्य फेरी गाठतो. पहिला कोण ते कदाचित बरोबर निघेल, दुसऱ्या-तिसऱ्याची खात्री नाही.

कधीकधी चक्र लागतं: क हा खच्या वर, ख हा गच्या वर, आणि ग पुन्हा कच्या वर. घाबरू नका, तुमची अभिरुची बिघडलेली नाही. मतं मोजताना लोकांच्या बहुमतात असं चक्र लागू शकतं हे कोंदोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १७८५ मध्येच मांडलं होतं, आणि आपल्या एकट्याच्या डोक्यातसुद्धा पाच-सहा मतदार बसलेले असतात. तिघांना एका ठिकाणी ठेवून पुढं जा. आठवड्यानं परत विचारा. तरीही सुटत नसेल तर ज्याच्या नोंदी जास्त महिन्यांत विखुरलेल्या आहेत त्याला वर घ्या. जो मार्चमध्ये ऐकला, जुलैत ऐकला आणि ऑक्टोबरात परत आठवला, त्यानं वर्ष सोबत काढलंय.

पहिल्या तीन जागांवर हवा तेवढा वेळ घालवा. चार ते सहा, एक संध्याकाळ. सात ते दहाचा क्रम उद्या बदलेल, त्यात जीव घालू नका. अकराव्याची मात्र हळहळ ठेवा.

दहाच का, असं कुणी विचारतं. पंधरा करा, पाच करा, पण आकडा आधी ठरवा. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीचं संगीत पाठवलं तेव्हा सगळ्या जगासाठी जागा होती जेमतेम दीड तासाची, २७ तुकड्यांची. त्यात केसरबाई केरकरांची भैरवी गेली. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ म्हणजे आमच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, त्यामुळे कोल्हापूरकर ही गोष्ट संधी मिळेल तिथं सांगतो, तशी मीही सांगितली. मुद्दा एवढाच की सदतीस तुकड्यांना जागा असती तर निवडणाऱ्यांनी तेवढे घासले नसते.

क्रम लागला की प्रत्येकापुढं दोन ओळी लिहा. कीर्दीतूनच उचला. ‘अप्रतिम’, ‘श्रवणीय’, ‘काळजाला भिडणारं’ हे शब्द वापरायचे नाहीत अशी स्वतःला ताकीद द्या. ते काढल्यावर ज्याच्यापुढं लिहायला काहीच उरत नाही, तो अल्बम एक-दोन जागा खाली जातो. माझ्याकडे दरवर्षी असा एक तरी निघतो.

सगळ्यांची मिळून एक यादी

आम्ही सहा जण डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत जमतो. समोर धार काढलेलं दूध, हातात याद्या, आणि कुणाचं तरी तोंड फुगलेलं. एकत्र यादीची सोपी रीत म्हणजे पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. पाच वर्षं आम्ही तेच केलं आणि दरवर्षी वर येणारा अल्बम कुणाचाच लाडका नसायचा. एकदा तर असं झालं: एक अल्बम दोघांचा पहिला, बाकी चौघांच्या यादीतच नाही. त्याला झाले २०. दुसरा सहाही जणांकडे चौथा-पाचवा. तीन जणांचे ७ आणि तीन जणांचे ६, मिळून ३९. तोच पहिला. फौंड्रीवाला मित्र म्हणाला, ‘हे म्हणजे कुणालाच तिखट लागणार नाही असला तांबडा रस्सा.’

आता आम्ही न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाची जुनी रीत उचललीय. ते दरवर्षी समीक्षकांची मतं घ्यायचे. प्रत्येकाकडे शंभर गुण, दहा अल्बमांत हवे तसे वाटायचे, पण एकाला तीसच्या वर नाही आणि पाचच्या खाली नाही. त्या वर्षीचाच हिशेब या रीतीनं परत मांडून बघितला. दोघांनी आपल्या लाडक्याला तीस-तीस दिले: ६०. सहा जणांनी दुसऱ्याला प्रत्येकी आठ: ४८. निकाल उलटा. कुठली रीत बरोबर, यावर दुधाचे दोन ग्लास जास्त गेले. सगळ्यांना चालेल अशी यादी हवी तर पहिली, कुणीतरी जीव टाकलाय ते दिसायला हवं तर दुसरी. रीत मात्र याद्या उघडण्याआधी ठरवा. आकडे बघून रीत निवडायला लागलं की तो हिशेब राहत नाही.

यादी पक्की करायच्या आधी मी गेल्या वर्षीची काढून बसतो. पुढच्या बारा महिन्यांत प्रत्येक अल्बम किती वेळा लावला ते लाल पेनानं समोर लिहितो. गेल्या खेपेला दुसऱ्या नंबरापुढं शून्य आलं. नवव्यापुढं चौदा. जुनी यादी खोडायची नाही, खाडाखोड केलेली वही आमच्या धंद्यात कुणी मान्य करत नाही. पण त्या शून्यावर थोडा वेळ थांबतो आणि मग यंदाच्या दुसऱ्या नंबराची चिठ्ठी उचलून पुन्हा एकदा सहाव्याशी लावून बघतो.

१५ डिसेंबरनंतर जे येईल ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर, ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून. यंदा तीन अल्बम ओढून आणलेत. दोन ऐकून झाले, तिसरा सोमवारच्या सव्वासातच्या गाडीला.